कुंडीतला वाफसा

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातली चार झाडं गेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अ‍ॅग्लोनिमा, नाताळात पीस लिली, संक्रांतीच्या तोंडावर कलॅथिया आणि सगळ्यात शेवटी तुळस. पहिल्या तिघींची बातमी मी सांगलीला आईला फोनवर दिली आणि "थंडीनं गेल्या" असं कारणही जोडलं. तुळशीचं अजून सांगितलेलं नाही.

"बंगळूरला कसली गं थंडी?" आई म्हणाली. "तिकडे बारा महिने एकच चादर पुरते असं तूच सांगतेस की."

खरं आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या या शहरात जानेवारीच्या रात्री पारा सरासरी पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी सत्तावीसपर्यंत चढतो. नोंदीतला नीचांक ७.८ अंशांचा, तोही १३ जानेवारी १८८४चा. निफाडला थंडी पडली की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पहाटे बागेला पाणी सोडतात; तिथे थंडी पिकाचा घास घेते हे डोळ्यांना दिसतं. इथे पहाटे माकडटोपी घालून फिरायला निघालेले आजोबा नऊ वाजता स्वेटर कमरेला बांधून परततात. मग कुंडीतल्या झाडांना मारतं कोण?

घराबाहेर तर नेमका याच दिवसांत बहर असतो. नोव्हेंबरात बुचाच्या झाडांखाली पांढरा सडा पडतो, पुढे टॅबेबुया गुलाबी होतात. बाजारात अवरेकाई येते, आपल्या पावट्याची बहीण. दव पडलं की शेंगेला वास धरतो असं इथली माणसं मानतात, आणि विकणारी बाई मूठभर शेंगा आधी आपल्या नाकाशी धरायला लावते, मग भाव सांगते. बाहेरच्यांना मानवणारी थंडी घरातल्यांनाच का बाधते, हे विचारायला मी मेलेली पीस लिली कुंडीसकट पिशवीत घातली आणि सिद्धापुरात गेले.

सिद्धापूर म्हणजे लालबागेला लागून असलेली रोपवाटिकांची वस्ती. तिगळ समाजाची माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या बागकाम करत आली; चैत्र पौर्णिमेला धर्मरायस्वामींच्या देवळातून निघणारा करग हा त्यांचाच उत्सव. शहर वाढलं तशी वाफ्यांची जागा आक्रसत गेली, पण गल्लीत शिरलं की ओल्या मातीचा वास अजून येतो. एका रोपवाटिकेत साठीचे एक अण्णा स्टुलावर बसून काळ्या पिशव्यांत माती भरत होते. मी पिशवी पुढे केली. पानांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कुंडी एका हातानं उचलून तोलली, आपण कलिंगड तोलतो तशी. मग बोटं मातीवर पसरून कुंडी उलटी केली, बुडावर एक चापट मारली आणि अख्खा गोळा तळव्यावर घेतला. मुळं तपकिरी, लिबलिबीत. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल त्यांच्या बोटांत आली आणि आत दोऱ्यासारखी शीर तेवढी उरली. वास गटाराचा.

"चळी अल्ल, मॅडम," ते म्हणाले. "नीरु जास्ती."

थंडी नव्हे, पाणी जास्त. कानडी न येणाऱ्या मराठी माणसालाही निम्मं कळावं असं हे निदान.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला या गोष्टीसाठी शब्द शोधावा लागत नाही. तो म्हणतो, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर रानाचा चिखल ओसरलेला असतो पण माती कोरडी पडलेली नसते, मूठ दाबली तर लाडू वळतो आणि टिचकी मारली तर तो फुटतो, ती अवस्था. वाफसा आल्याशिवाय कोणी रानात पाऊल घालत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत तेव्हा पाणीही असतं आणि हवाही. मूळ पाणी पितं तसं श्वासही घेतं. सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की ते गुदमरतं आणि गुदमरलेल्या मुळावर बुरशी चढते. पुढचा भाग क्रूर आहे. मूळ कुजलं की वर पाणी पोचत नाही, म्हणून पानं तहानल्यासारखी मान टाकतात, आणि मान टाकलेली दिसली की आपण झारी उचलतो. पीस लिलीला मी तिच्या शेवटच्या आठवड्यात दोनदा पाणी घातलं होतं.

एप्रिलमध्ये हेच पाणी चालून जातं. तेव्हा झाड वाढत असतं, ऊन कडक असतं, कुंडी तिसऱ्या दिवशी हाताला हलकी लागते. डिसेंबरात तीच कुंडी आठव्या दिवशीही जड. पीस लिली मूळची अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातली, अ‍ॅग्लोनिमा आग्नेय आशियातली, कलॅथिया ब्राझीलच्या बाजूची. रात्रीचं तापमान पंधराच्या आसपास आलं की यांची वाढ मंदावते. इजा व्हायला पारा त्याहून खाली जावा लागतो, आणि तो इथे क्वचितच तेवढा जातो. म्हणजे बंगळूरची थंडी त्यांना फक्त झोपवते. झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतणारे आपण.

त्यात भर कोकोपीटची. शहरात विकली जाणारी पानांची झाडं पुष्कळदा आंध्रातल्या कडियमहून आलेली असतात. राजमहेंद्रीजवळचं हे गाव, जिथे आपली नाशकातून निघालेली गोदावरी समुद्राला भेटण्याआधी फाटे फोडू लागते. तिथली हवा दमट, रात्री उबदार, मैलोन्‌मैल रोपवाटिका. ट्रकमध्ये वजन कमी व्हावं आणि वाटेत ओल टिकावी म्हणून मुळाशी नारळाच्या काथ्याचा भुसा घालतात. तो आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. कडियमच्या उकाड्यात हा गुण. बंगळूरच्या डिसेंबरात, चिनी मातीच्या बुडाला भोक नसलेल्या देखण्या कुंडीत, हाच फास. अण्णांनी त्यांचं मिश्रण दाखवलं: लाल माती, कुजलेलं शेणखत, वाळू आणि विटेचे बारीक तुकडे. कोकोपीट मूठभर. विटेचे तुकडे कशाला, विचारलं तर त्यांनी छातीवर हात ठेवून मोठा श्वास घेऊन दाखवला.

त्यांच्या दुकानात बऱ्याच कुंड्यांवर 'हवा शुद्ध करणारं झाड, नासा प्रमाणित' अशा चिठ्ठ्या होत्या. त्यांचा दोष नाही, गिऱ्हाईक तेच विचारतं. नासाचा तो अभ्यास १९८९चा आणि बंद पेटीत केलेला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा साध्या खोलीत नुसती खिडकी उघडण्याइतका परिणाम मिळवायला दर चौरस मीटरमागे किमान दहा आणि जास्तीत जास्त हजार झाडं लागतील असा हिशेब निघाला. झाड आवडतं म्हणून आणावं. फुप्फुसांचं निमित्त कशाला?

दुसरी गोष्ट मला कुठल्या माळ्यानं सांगितली नाही, ती समोरच्या अक्कांच्या बाल्कनीनं शिकवली. आमची दारं समोरासमोर. त्यांची बाल्कनी दक्षिणेला, माझी उत्तरेला. झाडांबद्दलची इंग्रजी पुस्तकं आणि व्हिडिओ एकमुखानं सांगतात की दक्षिणेची खिडकी उत्तम आणि उत्तरेची निकृष्ट. लंडनला ते बारा महिने खरं. लंडन साडेएक्कावन्न अंश अक्षांशावर, तिथे दुपारचा सूर्य कधी दक्षिण सोडतच नाही. बंगळूर तेरा अंशांवर. इथे २४ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या सुमाराला शून्य सावलीचा दिवस येतो, आणि या दोन तारखांमधले जवळजवळ चार महिने भरदुपारी सूर्य चक्क उत्तरेला असतो. पुण्यातही असतो, पण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंतच. आमच्या बाल्कनीत उन्हाळाभर झाडं का खूश असतात हे मला चौदा वर्षांनी कळलं.

हिशेब कागदावर मांडला. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साडेत्रेपन्न अंशांवर. छत नऊ फूट उंच धरलं आणि कठडा सोडून दिला, तर ऊन छताच्या कडेपासून साडेसहा फूट आत शिरतं. अक्कांच्या बाल्कनीची खोली पाच फूट, म्हणजे ऊन दिवाणखान्यात. जूनच्या दुपारी माझ्याकडे उत्तरेकडून येणारं ऊन जेमतेम पावणेदोन फुटांचं. सकाळ-संध्याकाळ तेवढं आडवं होऊन आत येतं. आणि २३ सप्टेंबरनंतर माझ्याकडे थेट ऊन येत नाही ते २१ मार्च उलटेपर्यंत. सहा महिने! अ‍ॅग्लोनिमा त्या अंधारात बसून रोजचं पाणी पीत होती.

हे कळल्यावर मी जे केलं ते सांगायलाच हवं. उरलेली कलॅथिया उचलली आणि "उजेड मिळेल" म्हणून अक्कांच्या बाल्कनीत कठड्यालगत ठेवली. चार दिवसांत पानांवर उदबत्तीनं कागद जाळावा तसे डाग. कलॅथिया जंगलात मोठ्या झाडांच्या पायाशी वाढणारी. तिला डिसेंबरचं तिरपं, स्वच्छ आकाशातलं ऊन सोसणार कसं? अक्कांचे स्वतःचे नेचे असेच करपायचे आणि त्याही वर्षानुवर्षं थंडीलाच नावं ठेवायच्या. एकाच मजल्यावर एकीची झाडं अंधारानं मरत होती, दुसरीची उन्हानं, आणि दोघी मिळून शिव्या घालत होतो हवेला.

यंदा करार झाला आहे. कार्तिक लागला की माझा कढीपत्ता, जास्वंद आणि कोरफड समोरच्या दारी जातील, त्यांचे नेचे माझ्याकडे येतील आणि गुढीपाडव्याच्या आसपास ज्याची त्याच्या घरी पाठवणी. अक्का याला तवरुमने म्हणतात, म्हणजे माहेर. कढीपत्ता माहेरी गेला तरी पानं गाळणारच, थंडीत त्याला विश्रांती लागते. त्याला पाणी कमी आणि खत शून्य. फेब्रुवारीअखेर तो आपला आपण फुटतो.

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस यांत इथे जेमतेम दीड तासाचं अंतर. दीड तास म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. शेवंती पिकवणाऱ्याला विचारा. हिवाळ्यात रात्री विमान देवनहळ्ळीला उतरायला लागलं की खाली काळोखात पिवळ्या-पांढऱ्या उजेडाचे चौकोन दिसतात. पहिल्यांदा मी ते लग्नाचे मांडव समजले होते. पुढे एकदा चिक्कबळ्ळापूरच्या रस्त्यानं रात्री परतताना गाडी थांबवून बघितलं: गुडघ्याएवढ्या शेवंतीचं शेत, त्यावर ओळीनं तारा ताणलेल्या आणि प्रत्येक तारेला दिवे. माणूस एकही नाही. शेवंती रात्र मोजते. रात्र लांबली की तिला कळी धरायची घाई होते, मग झाड वीतभर असलं तरी चालतं. शेतकऱ्याला आधी उंची आणि फांद्या हव्या असतात, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे तो रात्री काही तास दिवे लावून तिला फसवतो की दिवस अजून मोठा आहे. झाड हवं तेवढं झालं की दिवे बंद. घरात आपण याच्या उलट करतो. डिसेंबरात हौसेनं आणलेली पॉइन्सेटिया पुढच्या वर्षी लाल का होत नाही, तर ती ज्या कोपऱ्यात असते तिथे मध्यरात्रीपर्यंत ट्यूब जळत असते. तिलाही लांब, अखंड काळोख लागतो.

गारवा नुसता वैरीही नाही. पलीकडे होसूरच्या आणि आपल्याकडे मावळातल्या हरितगृहांतला गुलाबवाला थंड रात्रींवरच मोठ्या कळीची आशा धरतो. छाटणीची तारीख तेवढी तो १४ फेब्रुवारीपासून उलटी मोजत येतो.

लालबागेत जाऊन काचघराकडे मी त्या हिवाळ्यात नव्यानं पाहिलं. हैदरअलीनं १७६०च्या सुमाराला घातलेली ही बाग. काचघराची कोनशिला ३० नोव्हेंबर १८८९ला राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टरच्या हस्ते बसली, आणि नमुना लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा. विलायतेत काचघरं बांधली ती उष्ण देशांतून नेलेली झाडं तिथल्या हिवाळ्यात जगवायला. इथे ती झाडं आवारात मोकळी उभी होती, म्हणून काचघरात फुलांची प्रदर्शनं भरू लागली, आजही २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमाराला भरतात. औषध आणलं, रोग आणायचा राहिला.

याच बागेचा कारभार १९०८ पासून गुस्टाव क्रुंबिगेल या जर्मन माणसानं पाहिला. मराठी वाचकाला त्याचा एक धागा जवळचा वाटेल: म्हैसूर संस्थानात येण्याआधी तो बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत होता. बंगळूरच्या रस्त्यांवर एक जात फुलून ओसरली की दुसरी फुलावी, वर्षभर कुठे ना कुठे रंग असावा अशी झाडं लावण्याचं श्रेय त्याला देतात. ही हवा कोणाला मानवते ते आधी बघायचं आणि मग झाड लावायचं, अशी त्याची रीत. आपण फोनवर फोटो बघून झाड मागवतो आणि मग हवा बदलायची खटपट करतो.

पाण्याचं आणखी एक प्रकरण आहे आणि ते फक्त थंडीचं नाही. हे शहर कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपानं चढवून आणतं. २०२४च्या टंचाईत, मार्चमध्ये, जलमंडळानं पिण्याचं पाणी बागेला आणि गाड्या धुवायला वापरण्यावर बंदी घातली, पाच हजारांचा दंड लावला. तेव्हापासून आमच्या इमारतीत घरोघर फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून झाडांना घालण्याची सवय लागली. हेतू चांगला. पण फिल्टर क्षार बाजूला काढतो ते त्याच पाण्यात, आणि बोअरवेलच्या जड पाण्यावर चालणाऱ्या फिल्टरच्या बादलीत तर ते भरपूर. पावसाळ्यात हे क्षार धुपून जातात. हिवाळ्यात मातीतच साचतात, कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात, पानांची टोकं तपकिरी होतात आणि आपण म्हणतो, थंडी बाधली. त्या पाण्यानं फरशी पुसावी. झाडांना डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी बरं, तेही आठवड्यातून एकदा.

किडींबद्दल थोडक्यात. फेब्रुवारीकडे हवा कोरडी होत जाते तसा पानांखाली लाल कोळी जाळी विणतो आणि पेरांत पिठ्या ढेकूण कापसासारखा बसतो. ओल्या फडक्यानं पानं दोन्ही बाजूंनी पुसली आणि निंबोळी तेल फवारलं की बहुतेक वेळा भागतं. पानांवर रोज फवाऱ्यानं पाणी मारण्याचा उपयोग मला दिसला नाही. दहा मिनिटांत ते वाळतं, आणि रात्री मारलं तर बुरशी येते.

आता तुळस. आईची तुळस सांगलीच्या घरी अंगणातल्या वृंदावनात आहे. डोक्यावर आकाश, खाली जमीन. आंघोळ झाली की आई तांब्याभर पाणी घालते, ते जमिनीत कुठल्या कुठे मुरतं. माझी तुळस उत्तरेच्या बाल्कनीत, आठ इंचांच्या कुंडीत, आणि तांब्या मात्र आईच्याच मापाचा. लग्न थाटात लागलं. अक्कांनी अंतरपाट धरला, ऊस आणला, मंगलाष्टकं मोबाईलवर लावली. लग्नानंतर मंजिऱ्या इतक्या सुरेख भरल्या होत्या की खुडवेनात. तुळस मुळातच दोन-तीन वर्षांची पाहुणी. एकदा बी धरू दिलं की तिचा जीव बियांत जातो, पानं बारीक आणि जांभळट होतात, काड्या लाकडी. वरून ऊन नाही, खाली चिखल. फेब्रुवारीत हात लावला तर फांदी कट्‌कन मोडली.

 तुळशीचं लग्न लागलं की मंजिऱ्या खुडा. रविवार आणि द्वादशी पाळत असाल तर ते दिवस सोडून. कुंडी दक्षिणेच्या उन्हात सरकवा. पाणी घालण्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला आणि ओल लागली तर झारी खाली ठेवा, आंघोळ झालेली असली तरी. खुडलेल्या मंजिऱ्या कागदात गुंडाळून ठेवा. मी वाळलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या मार्चमध्ये चुरून पेरल्या, त्यातून पाच रोपं आली. एक अक्कांना दिलं, चार माझ्याकडे आहेत. त्यातलं एक दिवाळीला सांगलीला नेणार आहे, तेव्हा आईला सांगेन.